नऊ नंबरचे आजोबा

१

परीक्षकबाई दवाखान्याच्या दारात पोचल्या तेव्हा दोन मावश्या सनदेचा फलक ओल्या फडक्यानं पुसत होत्या.

राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या प्रत्येक दवाखान्यात हा फलक असतो. देशाच्या राज्यघटनेनं माणसाला समानता, स्वातंत्र्य आणि सन्मान दिलाय. तो आजारी पडला म्हणून कुणी त्यातलं काही काढून घेणार नाही, हे त्या फलकावर कलमवार लिहिलेलं असतं. ते नुसतं लिहिलेलंच राहत नाही ना, हे तपासायला अधूनमधून मुख्य कार्यालयातून कुणीतरी येतं.

"कोपरे घास गं," एक मावशी दुसरीला म्हणाली. "परीक्षक यायचेत. फार खडूस माणूस आहे म्हणे."

"आलाय तो," परीक्षकबाई म्हणाल्या आणि पायपुसण्याला चपला पुसून आत गेल्या. मागे फडकं बादलीत पडल्याचा आवाज आला.

ही गंमत घरी जाऊन ह्यांना सांगायची, असं सवयीनं त्यांच्या मनात आलं आणि सवयीनंच विरून गेलं. ह्यांना जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. ते गेले ते सेवेच्याच दवाखान्यात, दुसऱ्या गावी. उपचारांत काडीची कसर नव्हती. डॉक्टर वेळेवर, औषधं वेळेवर. फक्त भेटीची वेळ संपली होती, म्हणून परीक्षकबाई दाराबाहेरच्या बाकावर बसून होत्या. कुणी उद्धटपणे बोललं नव्हतं. तक्रार करावी असं काही घडलंच नव्हतं. त्या दवाखान्याला त्या वर्षी पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, आणि गुण देणाऱ्याचं चुकलं असंही त्यांना म्हणता येत नव्हतं.

अधीक्षक लगबगीनं पुढे आले. डॉक्टर म्हणून हुशार, पण वरून कुणी यायचं म्हटलं की धांदल उडणारे. त्यांच्यामागे पुरुष वॉर्डच्या सिस्टर उभ्या होत्या. उंच, सडसडीत, गणवेशाला एक सुरकुती नाही. पेशंट त्यांना पाठीमागे 'घड्याळबाई' म्हणत. थर्मामीटर दोन मिनिटं उशिरा आला तरी त्या वॉर्ड डोक्यावर घेत.

"तिसऱ्या मजल्यावर तुमच्यासाठी स्वतंत्र खोली तयार ठेवली होती मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "पण रंगाचा वास फार आहे. डोकं धरेल तुमचं. साहेबांच्या केबिनमध्येच बसा."

अधीक्षक तेवढ्यात कुणाला तरी चहा सांगत होते.

फेरी पहिल्या मजल्यावरच्या पुरुष वॉर्डापासून सुरू झाली. परीक्षणाच्या आधी प्रत्येक वॉर्डात विचारलं जातं, कुणाला परीक्षकांशी बोलायचंय का. बहुतेक जण नको म्हणतात. ज्याच्या हातात आपली नाडी, त्याच्याविरुद्ध कोण तोंड उघडणार? या वॉर्डातून एकच नाव आलं होतं, कॉट नंबर नऊ. मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन झालेले एक वृद्ध फोटोग्राफर. सगळे त्यांना फोटोवाले आजोबा म्हणत.

"चला, त्यांच्यापासूनच सुरुवात करू," परीक्षकबाई म्हणाल्या.

नऊ नंबरच्या जागेवर कोरी चादर घातलेली कॉट होती. उशीला खळगा नाही. वर नुसती मोकळी भिंत आणि तिच्यावर नंबराची पाटी.

अधीक्षकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून ते गेलं. "हे कुठायत?"



२

बाथरूम पाहून झालं. गच्चीचं दार बंद होतं, कुलूप गंजलेलं. फाटकावरचा रखवालदार शपथेवर सांगत होता की पहाटेपासून आतलं माणूस बाहेर गेलेलं नाही. "मुंगी नाही गेली साहेब. आज साहेबलोक येणार म्हणून मी चहालासुद्धा उठलो नाही."

"मॅडम, आपण केबिनमध्ये बसा, मी बघतो," अधीक्षक म्हणाले.

"मी इथंच बसते," परीक्षकबाई म्हणाल्या आणि त्यांनी नऊ नंबरजवळचं स्टूल ओढलं.

शेजारच्या कॉटवर पाय टांगून घेतलेला एक ट्रकड्रायव्हर पडला होता. परीक्षकबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तसं त्यानं घाईनं छताकडे पाहिलं.

"तुम्ही काही पाहिलंत?"

"झोपलो होतो ना मी. औषधानं फार झोप येते. पहाटे सगळ्या कॉटी हलवून फरशी धुतली, तुम्ही येणार म्हणून. तेव्हा जरा जाग आली. मग परत गाढ."

"आजोबा कसे होते? बोलायचे तुमच्याशी?"

आता मात्र ड्रायव्हर खुलला. "लाख माणूस. मला म्हणायचे, तुझा चेहरा डावीकडून चांगला दिसतो, लग्नाचा फोटो डावीकडूनच काढ. माझं लग्न होऊन मुलगी कॉलेजात गेली तरी हेच. आणि जिद्द केवढी. पाय टेकवत नाही, पण डोक्यावरची ती कडी धरून रोज स्वतःला वर ओढायचे. म्हणायचे, दंडात ताकद पाहिजे, जिना चढायचाय."

"कुठला जिना?"

ड्रायव्हरनं पुन्हा छताकडे पाहिलं. "ते आपलं असंच. म्हातारं माणूस."

परीक्षकबाईंनी आजोबांचं कपाट उघडलं. खाली चपला होत्या, शेजारी भिंतीला टेकवलेला वॉकर. वरच्या कप्प्यात चष्म्याचं घर रिकामं. कानाच्या यंत्राची डबी, तीही रिकामी. मागच्या बाजूला दाढीचा ब्रश होता. त्यांनी तो बोटांनी दाबला. ओला होता.

ह्यांना शब्दकोड्यांचा भारी नाद. सकाळी चहाचा कप एका हातात, पेन्सिल दुसऱ्या. अडलं की म्हणायचे, "काय आहे ते किती वेळ बघशील? काय नाही ते बघ." चपला आहेत, वॉकर आहे. चष्मा नाही, कानाचं यंत्र नाही. चालायला लागतं ते सगळं मागे राहिलं होतं आणि बघायला-ऐकायला लागतं ते गेलं होतं. पळून जाणारा माणूस आधी दाढी करतो होय?

तेवढ्यात वॉर्डातले मामा बादली घेऊन आले. गेली कित्येक वर्षं पेशंटना उचलून-ठेवून त्यांच्या खांद्यांना कायमचा बाक आला होता.

"मामा, आजोबांची दाढी कुणी केली आज?"

"मी नाही," मामा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मी लिफ्टनंपण कुठं गेलो नाही."

"लिफ्टचं मी विचारलंच नव्हतं."

मामांनी बादली उचलली, जिथून आणली होती तिथंच परत नेऊन ठेवली आणि तिच्याकडे बघत उभे राहिले.

दारातून अधीक्षक धापा टाकत आले. "मॅडम, एक वाईट गोष्ट. त्यांना रोज सकाळी पोटात एक इंजेक्शन द्यावं लागतं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. त्याची वेळ होत आलीय. ते चुकलं आणि गुठळी फुप्फुसात गेली, तर माणूस बसल्या जागी जाईल."

३

अधीक्षक पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. सिस्टर टेबलाशी उभ्या राहून सिरिंज मोजत होत्या. त्यांचा हात शांत होता.

"सिस्टर," अधीक्षक चिडून म्हणाले, "तुमच्या वॉर्डातून माणूस जातो आणि तुम्हाला पत्ता नाही? बाहेर जाताना पाहिलंत का त्यांना?"

"नाही साहेब. बाहेर जाताना मी त्यांना पाहिलेलं नाही."

"मग शोधा."

"हो," असं म्हणून सिस्टर ट्रे घेऊन निघून गेल्या.

परीक्षकबाईंनी अधीक्षकांना खुर्ची दिली. माणूस खरंच घामाघूम झाला होता. "त्यांना माझ्याशी काय बोलायचं होतं, तुम्हाला माहीत आहे?"

अधीक्षकांनी रुमालानं मान पुसली. "माहीत आहे. तुम्हाला वाटत असेल मीच त्यांना कुठंतरी दडवलं. मलाही तसंच वाटलं असतं तुमच्या जागी. त्यांची बायको वर आहे मॅडम, तिसऱ्या मजल्यावर, स्त्रियांच्या वॉर्डात. हृदय थकलंय. त्या इथं दाखल झाल्या आणि त्यांना भेटून परत जाताना हे जिन्यावरून पडले. तेव्हापासून दोघं एकाच दवाखान्यात, आणि भेट नाही."

"का नाही?"

"पेशंटला दुसऱ्या वॉर्डात जाता येत नाही, संसर्गाचा नियम आहे. पुरुष पेशंटला स्त्रियांच्या वॉर्डात तर नाहीच, बाकीच्या बायकांचाही सन्मान बघायला नको का? भेटायला येतात ते नातेवाईक. हे नातेवाईक आहेत, पण पेशंट आहेत. नियमात बसेना. मी नियम केलेला नाही."

"वर चौकशी केलीत?"

"पहिली तीच केली." खात्री पटावी म्हणून अधीक्षकांनी फोन उचलून वरच्या वॉर्डात पुन्हा विचारलं, "आजींच्या कॉटच्या जागी कुणी पुरुष आलाय का?"

पलीकडून बाईचा आवाज स्पष्ट आला. "नाही साहेब. त्या जागी कुणीही नाही."

परीक्षकबाईंच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. विचारावं तेवढंच उत्तर देणारी माणसं त्यांना आयुष्यभर कार्यालयात भेटली होती. पण तो धागा हाताला लागायच्या आत बाहेर आरडाओरडा झाला.

"माझे बाबा कुठायत?" फाटकावरच बातमी ऐकून कुणीतरी वॉर्डाचं दार ढकलून आत आलं होतं.

४

आजोबांचा मुलगा पन्नाशीचा, दाढी वाढलेला, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. अधीक्षक त्याला बघताच उठले आणि परीक्षकबाईंच्या कानाशी म्हणाले, "काल संध्याकाळी यांचं वडिलांशी जोराचं भांडण झालं. सगळ्या वॉर्डानं ऐकलं. 'उद्या उचलून घेऊन जाईन' म्हणत होते. मला तर यांच्यावरच…"

"माझ्यावर?" मुलानं ऐकलं होतं. "मी रात्रभर आईच्या दाराबाहेर बसलो होतो. पहाट व्हायच्या आधी तोंड धुवायला म्हणून घरी गेलो, एवढंच. घेऊन जाईन म्हणालो, माझ्या घरी. बाबा ऐकेनात. म्हणाले, तिला घेतल्याशिवाय हलणार नाही."

"आणि आई?"

मुलगा स्टुलावर बसला. "डॉक्टर म्हणालेत, आज किंवा उद्या." त्यानं चुकीच्या काजातलं बटण चाचपलं. "बाबांना ठाऊक नाही. मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्यांना कळू देऊ नका. पन्नास वर्षांच्या वर संसार झालाय त्यांचा. स्टुडिओत ती दिवसभर समोर, घरी आली की परत समोर. त्यांना सहन होणार नाही. आईपाठोपाठ बाबाही… मला दोघांना एकदम नाही जमणार हो."

त्याच्यावर रागवावं असं कुणालाच वाटलं नाही.

"कुणीतरी सांगितलं असणार त्यांना," तो म्हणाला. "त्यांनी जिवाचं काहीतरी केलं असणार. विहीर, रस्ता, काय काय आहे बाहेर?"

"पोलिसांना कळवतो," अधीक्षक म्हणाले. त्यांचा आवाज आता खरोखर खोल गेला होता. परीक्षण, गुण, दवाखान्याचं नाव सगळं त्या आवाजातून गळून पडलं होतं आणि मागे नुसता एक डॉक्टर राहिला होता. "इंजेक्शनची वेळ टळून गेली."

सिस्टर ट्रे घेऊन परत आल्या होत्या. त्यांनी वापरलेली सिरिंज सुयांच्या डब्यात टाकली, हात धुतले आणि मामांना म्हणाल्या, "चार नंबरचं टेंपरेचर राहिलंय. किती वाजले बघा."

परीक्षकबाईंची नजर त्या डब्यावरून नऊ नंबरच्या कॉटवर गेली. कॉटच्या डोक्याशी मोकळी भिंत होती. मोकळीच. त्या उठून उभ्या राहिल्या.

"पोलिसांना जरा थांबवा," त्या अधीक्षकांना म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीला रंग कधी दिलात?"

अधीक्षक बुचकळ्यात पडले. "रंग? रंग कुठं दिला? नुसती धुऊन घेतली मागच्या आठवड्यात. कुठल्या खोलीला रंग द्यायची ऐपत आहे आमची?"

सिस्टरांच्या हातातला टॉवेल जागच्या जागी थांबला.

५

चादरींच्या खोलीत दोघीच होत्या. परीक्षकबाईंनी दार लोटून घेतलं.

"आजोबा ठीक आहेत ना?"

"कोण म्हणालं मला माहीत आहे म्हणून?"

"तुम्हीच. एवढा वेळ अधीक्षकांनी घड्याळावरून डोळा काढला नाही, आणि ज्यांना लोक घड्याळबाई म्हणतात त्यांनी वर मानसुद्धा केली नाही. चार नंबरच्या तापाची तुम्हाला काळजी, आणि जिवावरचं इंजेक्शन चुकलं त्याचं काहीच नाही? तुम्ही त्या बाई नाही. म्हणजे इंजेक्शन चुकलेलंच नाही. मघाशी डब्यात टाकलीत ती सिरिंज त्यांचीच. आणि एवढ्यात देऊन आलात, म्हणजे आजोबा याच इमारतीत आहेत."

सिस्टर एका चादरीची घडी नीट करत राहिल्या.

"ड्रायव्हर म्हणाला, आजोबा डोक्यावरची कडी धरून व्यायाम करायचे. नऊ नंबरला आत्ता जी कॉट आहे तिला ना दांडी, ना कडी. म्हणजे ती त्यांची कॉटच नव्हे. त्यांना कुणी उठवलं नाही, चालवलं नाही. पहाटे फरशी धुवायला सगळ्या कॉटी हलवल्या, त्या गडबडीत त्यांना कॉटसकट लिफ्टमध्ये घातलं आणि दुसरी कॉट आणून ठेवली. दवाखान्यात चाललेल्या कॉटकडे कोण बघतं? ढकलायला दोन माणसं लागतात. एक तुम्ही. दुसरे मामा, त्यांना खोटं बोलता येत नाही बिचाऱ्यांना."

"मामांचं नाव नका घेऊ. त्यांना मी हुकूम दिला होता."

"आणि वरच्या वॉर्डातल्या सिस्टर. 'आजींच्या जागी कुणीही नाही' म्हणाल्या. खरंच होतं ते. तिथं आजीसुद्धा नसणार. दोघांना ठेवायला अशी खोली हवी होती की जिथं आज अधीक्षकसुद्धा पाऊल टाकणार नाहीत. तिच्या दारावर परीक्षकांसाठी राखीव अशी पाटी असणार, आणि परीक्षकांना तुम्ही रंगाच्या वासाची भीती घातलीत." परीक्षकबाई थोडं हसल्या. "माझ्याच खोलीत ठेवलंत त्यांना."

सिस्टर चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या. ताठ माणूस बसला की एकदम लहान दिसतो, तसं झालं.

"मॅडम, मी आजवर एक नियम मोडलेला नाही. भेटीची वेळ संपली की मी माझ्या सख्ख्या भावालासुद्धा बाहेर काढलंय. आजोबा रोज विचारायचे, एकदा वर नेता का. मी रोज नाही म्हणायचे. मग दुपारी जेवणं झाली की विचारायचे, ती जेवली का? मी वर फोन करायचे. वर आजी विचारत असायच्या, ते जेवले का? आम्ही दोघी सिस्टर फोनवर, 'जेवले', 'जेवल्या'. पोरखेळ नुसता. पण त्यावर दोघांचा दिवस जायचा."

"मग?"

"चार दिवसांपासून आजींनी अन्न सोडलं. आणि मुलानं सांगितलेलं, बाबांना कळता कामा नये. मग मी 'जेवल्या' म्हणायला लागले. मला खोटं बोलायची सवय नाही मॅडम. काल ते माझ्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'नं मला रात्रभर झोपू दिलं नाही." त्यांनी गणवेशाची न पडलेली सुरकुती नीट केली. "साहेबांकडे दोनदा अर्ज केला होता. परीक्षण होऊन जाऊ दे, मग बघू म्हणाले. आजींकडे तेवढा वेळ नव्हता. दुपारपर्यंत कुणाला सापडू नयेत एवढंच माझं म्हणणं होतं. पुढे तुम्ही काय लिहायचं ते लिहा."

परीक्षकबाईंना दाराबाहेरचा तो बाक आठवला. त्याचं थंड लाकूड, आणि दाराच्या काचेतून दिसणारा हिरव्या पडद्याचा कोपरा. त्या दवाखान्यात अशी एखादी बाई असती तर. एवढाच विचार आला, आणि दाराच्या मुठीकडे गेलेला त्यांचा हात तिथंच राहिला.

"बरं वाटतंय ना मॅडम?"

"हो. चला वर. आणि मुलाला बोलवा."

"मुलाला? तो त्यांना लगेच खाली आणायला लावेल."

"बोलवा तरी."

६

मुलगा जिन्यातच अडला. "बाबांनी तिला अशा अवस्थेत बघितलं? कुणी परवानगी दिली? त्यांना काही झालं असतं तर?"

"तुम्ही त्यांना जपलंत," परीक्षकबाई म्हणाल्या. "तुमच्या जागी मीही तेच केलं असतं कदाचित. पण ती तुमची आई आहे तशी त्यांची बायको आहे. निरोप घ्यायचा की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं. ते म्हातारे झालेत, लहान झालेले नाहीत."

"ते कोसळले तर?"

"तर तुम्ही आहात ना. म्हणून तर बोलावलं."

खोलीचं दार जुनंच होतं, पोपडे निघालेलं. आत दोन कॉटी एकमेकींना चिकटवून ठेवल्या होत्या. एकीवर कडी लोंबत होती. आजोबांची दाढी गुळगुळीत होती, केसांचा भांग पाडलेला. ते कुशीवर वळले होते, खुबा दुखत असणार, पण वळले होते. आजींचा हात त्यांच्या दोन्ही तळव्यांत होता. आजींचे डोळे मिटलेले, श्वास लांब लांब.

"सिस्टर," आजोबा मागे न बघता म्हणाले, "तो पडदा थोडा डावीकडे घ्या. ऊन सरळ चेहऱ्यावर येतंय. तिला कडक ऊन आवडत नाही."

सिस्टरांनी पडदा सरकवला. मुलगा दारात उभा होता.

"ये," आजोबा म्हणाले. "उभा का? तिकडून बस, तिच्या उजव्या बाजूला."

"बाबा, मी तुम्हाला सांगणार होतो…"

"मला माहीत होतं रे. सिस्टर म्हणायच्या, जेवल्या. पण काय जेवल्या ते सांगायच्या नाहीत. रोज आधी भाजीचंसुद्धा नाव सांगायच्या." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुला माझी काळजी म्हणून मी विचारलं नाही. आता बस."

मुलगा बसला. आईच्या पायावर कपाळ टेकवलं.

परीक्षकबाई निघाल्या, तेव्हा आजोबांनी मान वळवली. "तुम्ही त्या परीक्षक का?"

"हो. तुम्हाला माझ्याशी बोलायचं होतं."

"होतं. आता नाही." मग भिडेखातर म्हणाले, "खोली तुमची आहे म्हणे. आम्हाला ती अजून थोडा वेळ लागेल."

"लागेल तेवढा वेळ ठेवा."

खाली येऊन परीक्षकबाईंनी अधीक्षकांना सगळं सांगितलं, काही न लपवता. अधीक्षकांना आधी हायसं वाटलं, मग ते लालबुंद झाले, मग खुर्चीत बसून राहिले. शेवटी फोन उचलून वरच्या मजल्यावर सांगितलं, "त्या खोलीपाशी कुणी आवाज करू नका."

आजी दुपार कलताना गेल्या. दोघंही जवळ होते.

७

अहवालात परीक्षकबाईंनी झालं ते सगळं लिहिलं. समानतेला चांगले गुण दिले, स्वच्छतेला उत्तम. सन्मानाच्या कलमापुढे मात्र सर्वांत खालचा आकडा होता.

सिस्टरांनी तो वाचला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "हा न्याय झाला? मी केलं त्याची शिक्षा दवाखान्याला?"

"तुम्ही जे केलंत ते सनदेत लिहिलेलंच आहे," परीक्षकबाई म्हणाल्या. "ते पहाटे, चोरून, कॉट बदलून करावं लागलं, त्याला हे गुण आहेत. जे उघड करता येत नाही ते या दवाखान्यात आहे असं मी कशी लिहू?"

सिस्टरांनी अहवाल मिटून टेबलावर ठेवला. अधीक्षक खिडकीशी उभे होते. त्यांचा चेहरा एका दिवसात ओढल्यासारखा झाला होता.

"तुम्हाला मेमो द्यावा लागेल सिस्टर," ते म्हणाले. "नियम आहे."

"द्या साहेब. नियम आहेच."

"आणि तुमचे ते दोन अर्ज कुठायत बघा. त्यांच्यावर सही करतो. आता काय उपयोग म्हणाल, पण नवरा-बायको इथं पुन्हा दाखल होतीलच की." मग परीक्षकबाईंकडे वळून म्हणाले, "ती खोली यापुढे परीक्षकांना नाही मिळायची. पुढच्या वेळी माझ्याच केबिनमध्ये बसावं लागेल."

"चालेल. तुमचा चहा बरा असतो."

जायची वेळ होऊन गेली होती, तरी परीक्षकबाईंचा पाय निघेना. घरी जाऊन दिवा लावायचा, एक कप चहा ठेवायचा आणि आज काय काय झालं ते कुणालाच सांगायचं नाही. त्या पुरुष वॉर्डात आल्या. आजोबांना कडीच्या कॉटसकट परत आणलं होतं. मुलगा पुढच्या तयारीला गेला होता. ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि झोपल्याचं सोंग या वेळी मनापासून वठवत होता.

आजोबा छताकडे बघत होते. सांत्वनाचे सगळे शब्द परीक्षकबाईंना पाठ होते, कारण ते सगळे त्यांनी ऐकून घेतलेले होते. त्यांतला एकही त्यांनी काढला नाही. स्टूल ओढून बसल्या.

"स्टुडिओत त्या काय काम करायच्या?"

आजोबांनी मान वळवली. दिवसभरात कुणी त्यांना आजींबद्दल असं काही विचारलं नव्हतं.

"रंग भरायची," ते म्हणाले. "तेव्हा फोटो काळे-पांढरे. लोकांना रंगीत हवे असायचे. मी काढायचो, ती बारीक कुंचल्यानं हातानं रंग द्यायची. एका फोटोला अख्खा दिवस. लोक म्हणायचे, फोटो तुम्ही चांगला काढता. मी कधी सांगितलं नाही की चांगलं दिसतंय ते तिचं काम आहे."

"आधी काय रंगवायच्या? गाल?"

"गाल आधी. मग ओठ, मग कपडे. दागिन्यांना पिवळा." त्यांचे हात पांघरुणावर हळूहळू हलायला लागले, जणू पुढ्यात फोटो होता. "डोळे सगळ्यांत शेवटी. मी म्हणायचो, आधी डोळे करून टाक, अवघड काम आधी. तर म्हणायची, नको. डोळे झाले की माणूस आपल्याकडे बघायला लागतं. मग त्याला सोडवत नाही."

संध्याकाळची औषधं घेऊन सिस्टर आल्या होत्या. भेटीची वेळ केव्हाच संपली होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, परीक्षकबाईंकडे पाहिलं, आणि औषध ठेवून पुढच्या कॉटकडे गेल्या.

"आणि साडीचा रंग?" परीक्षकबाईंनी विचारलं. "फोटोत तर कळायचा नाही."

"विचारायची ना माणसांना," आजोबा म्हणाले आणि उशीवर जरा वर सरकले. "एकदा काय झालं, एक बाई आल्या…"